अडीच फुटांची वाट: बंद पडलेली रेल्वे लोक स्वतः कशी सुरू करतात

माझं आजोळ दर्यापूरचं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचं, आईचा हात धरून पलीकडे जायचं आणि तिथे उभ्या असलेल्या शकुंतला नावाच्या छोट्या गाडीत जागा धरायची. वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून धावत येऊन पुन्हा चढायचा. तोवर डब्यात कुणी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेलं असायचं, कुणी दारात उभं राहून शेतातल्या माणसाशी बोलत असायचं. मागच्या खेपेला मी त्याच फाटकापाशी थांबलो. गवतात पाय घालून चाचपलं तेव्हा कुठे रूळ बुटाला लागला. दोन स्लीपरांच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधून मनगटाएवढी बाभूळ वर आली होती.

शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपूर-परतवाड्याकडचे लोक आंदोलनं करत आले आहेत, निवेदनं देत आले आहेत. त्या बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "विलायतेत म्हणे लोक वर्गणी काढून, घाम गाळून बंद पडलेली रेल्वे स्वतः चालवतात. मग आपल्याकडे का होत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण 'स्वतः चालवतात' म्हणजे नेमकं काय काय करतात, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून उदाहरणासाठी ब्रिटनच्या वेल्समधली एक छोटी लाइन घेतो, वेल्शपूल ते लानवायर. तिची लांबी जेमतेम १४ किलोमीटर. ती निवडण्याचं कारण तिच्या रुंदीत आहे.

## अडीच फूट म्हणजे काय?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. मुंबई-नागपूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. शकुंतला नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. जुनी बार्शी लाइट रेल्वे तेवढीच, पाचोरा-जामनेरची गाडी तेवढीच, आणि वेल्शपूल-लानवायरही अगदी तेवढीच.

रूळ जवळजवळ घातले की वळणं तीव्र घेता येतात. ज्या वळणावर एसटीला मागे-पुढे करावं लागतं तिथे बैलगाडी सहज वळते, तसंच हे. मग डोंगर फोडावा लागत नाही, भराव कमी लागतो, रूळ हलके चालतात, पूल छोटे बांधता येतात. वेल्शपूलहून निघालेली गाडी गोल्वाच्या चढावर २९ फूट पुढे जाते तेव्हा १ फूट वर चढते. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण ३७ ला १ आहे. कमी खर्चात रेल्वे न्यायची असेल तर अशीच न्यावी लागते.

बार्शीचा उल्लेख उगाच केला नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली आणि अडीच फुटी गाडीवरही भरपूर माल नेता येतो हे दाखवून दिलं. तोच माणूस पुढे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये लीक-मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाइन बांधायला गेला. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. म्हणजे या बाबतीत बार्शीने विलायतेला धडा दिला होता, हे आपण विसरू नये.

अडीच फुटांचं दुखणं एकच. जिथे छोटी गाडी मोठ्या गाडीला मिळते तिथे सगळा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागतो. वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला अशाच हलवाव्या लागत. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट. शेताच्या बांधापासून थेट जिनिंगपर्यंत जाणारा ट्रक आला, तेव्हा छोट्या गाडीच्या गळ्याशी आलं.

## गाडी बंद पडते म्हणजे नक्की काय होतं?

वेल्शपूल-लानवायर लाइन १९०३ साली सुरू झाली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल, जनावरं, कोळसा, लाकूड आणि आठवडी बाजाराचे लोक, एवढंच तिचं काम. बस आल्यावर १९३१ मध्ये प्रवासी गाडी थांबली आणि डबे भंगारात गेले. मालगाडी रखडत चालली, तीही नोव्हेंबर १९५६ मध्ये थांबली. पुढे १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करण्याची शिफारस होती. एकेका तालुक्याची रेल्वे दोन ओळींत संपली.

गाडी थांबली तरी रेल्वे लगेच मरत नाही. इंजिन शेडमध्ये वीस वर्षं उभं राहिलं तरी दुरुस्त करता येतं. साउथ वेल्समधल्या बॅरी गावच्या एका भंगारवाल्याकडे २९७ वाफेची इंजिनं आली होती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं गंजत उभी राहिलेल्या त्या इंजिनांपैकी २१३ हौशी मंडळांनी विकत घेऊन सोडवून नेली. लोखंड परत मिळवता येतं, फार तर नवं घडवता येतं.

जमिनीचं तसं नाही. आपल्याकडे शेतात जायची पांदण असते. कोस-दीड कोसाच्या पांदणीत मधल्या एकाच शेतकऱ्याने नांगर घातला तर पुढच्या सगळ्यांची वाट बंद. रेल्वे ही तशीच पांदण आहे. चौदा किलोमीटरपैकी तेरा तुमच्या ताब्यात असतील आणि मधल्या एका किलोमीटरवर घरं उभी राहिली, तर तुमच्याकडे एक लाइन उरत नाही, दोन तुकडे उरतात. बंद झालेल्या लाइनचे रूळ उचलले जातात आणि जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाते, तेव्हा ती खरी मरते. कॅल्थ्रॉपच्या लीक-मॅनिफोल्डचं हेच झालं. तिथे आज चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सुरेख वाट आहे, गाडी मात्र परत येणं कठीण.

इंग्लंडातल्या ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेला तर कचऱ्याशी लढावं लागलं. ही लाइन १९५८ ला बंद झाली आणि स्वयंसेवकांनी तिचा एक भाग १९६० च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केला. पण ईस्ट ग्रिन्स्टेड गावाकडे जाणारी डोंगरातली खोल खोदाई मधल्या काळात गावाचा उकिरडा झाली होती. काठोकाठ भरलेला तो घरगुती कचरा उकरायचा, रेल्वेच्याच वाघिणींतून दूर नेऊन टाकायचा आणि त्या विल्हेवाटीचा खर्चही आपणच द्यायचा. लोकांनी त्यासाठी दहा-दहा पौंड देणग्या दिल्या. गाडी ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचली २३ मार्च २०१३ रोजी. पहिल्या गाडीपासून ५३ वर्षांनी.

## लोकांनी नुसतं ठरवून गाडी सुरू करता येते का?

येत नाही. इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. आधी तीन गोष्टी कागदावर लागतात: जमीन वापरण्याचा हक्क, गाडी चालवण्याचा कायदेशीर अधिकार, आणि काही वाईट घडलं तर जबाबदार धरता येईल अशी नोंदणीकृत संस्था.

ब्रिटनमध्ये १८९६ चा एक कायदा होता, छोट्या रेल्वेंसाठीचा. मोठ्या रेल्वेचे सगळे कडक नियम तालुक्याच्या गाडीला परवडणार नाहीत हे ओळखून त्यात सवलती दिल्या होत्या, आणि बदल्यात वेगावर बंधन घातलं होतं, साधारण ताशी ४० किलोमीटर. स्वयंसेवकांच्या बहुतेक गाड्या याच चौकटीतून उभ्या राहिल्या. आता त्याची जागा १९९२ च्या कायद्याने घेतली आहे, पण वेगाची मर्यादा जवळपास तीच आहे.

कामाची मांडणी आपल्याला नवीन नाही. गावातलं गणेशोत्सव मंडळ डोळ्यांसमोर आणा. त्याला वर्गणीदार असतात, कार्यकारिणी असते, खजिनदार असतो. पुष्कळ रेल्वेंत अशा दोन संस्था शेजारी-शेजारी असतात. सभासदांची धर्मादाय संस्था इंजिनं, डबे, जमीन सांभाळते आणि दुसरी कंपनी रोजच्या गाड्या चालवते, तिकिटं विकते. एखाद्या वर्षी गाडीला तोटा आला तरी शंभर वर्षांचं इंजिन सावकाराच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

याची सुरुवात वेल्समधल्याच टॅलिलिन रेल्वेने केली. दगडी पाट्यांच्या खाणीसाठी १८६५ ला बांधलेली ही लाइन १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून वगळली गेली होती. खाण १९४६ मध्येच बंद झाली होती, तरी मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी गाडी चालू ठेवली, जुलै १९५० मध्ये स्वतः वारेपर्यंत. त्या ऑक्टोबरमध्ये लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅमला सभा बोलावली, संस्था काढली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी धावली. जगात असं पहिल्यांदाच होत होतं. रूळ इतके झिजलेले की ते जागेवर टिकले होते ते निव्वळ आजूबाजूच्या गवताच्या मुळांमुळे, असं तेव्हाचे लोक सांगत. धड चालणारं इंजिन एकच होतं. शेजारची बंद पडलेली कॉरिस रेल्वे योगायोगाने त्याच गेजची, तिची दोन इंजिनं त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना घेतली.

राष्ट्रीयीकरणातून वगळलेली लाइन हे वाचून विदर्भातल्या माणसाला काहीतरी आठवेल. त्याकडे शेवटी येतो.

## रुळावरचा रविवार

लोकांना इंजिन दिसतं, शिट्टी ऐकू येते. माझ्या मते रेल्वे जगते किंवा मरते ती इंजिनाखाली, खडीत. म्हणून इथे जरा थांबतो.

रूळ स्लीपरवर बसतात आणि स्लीपर खडीवर. खडी तीन कामं करते. इंजिनाचं ओझं पसरवते, स्लीपरला इकडे-तिकडे सरकू देत नाही, आणि पावसाचं पाणी खाली सोडून देते. पानं, माती, गवत साचून खडीतल्या फटी बुजल्या की पाणी आतच थांबतं. मग गाडी गेली की स्लीपर खाली दबतो, वर येतो, प्रत्येक वेळी चिखल वर खेचतो. मुंबईच्या रस्त्यावर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की खालून पिचकारी उडते, अगदी तसंच.

मग रविवारी दहा-बारा जण जमतात. त्यांच्यात निवृत्त शिक्षक असतो, बँकेतली बाई असते, कॉलेजचा मुलगा असतो. त्यांचा मुकादम रुळावर जवळजवळ आडवा होतो, गाल लोखंडाला टेकवतो आणि एक डोळा मिटून लांबवर बघतो. कुठे रूळ बसलाय ते त्या एका नजरेत कळतं. तिथे खडूची खूण होते. स्लीपरच्या दोन्ही टोकांची खडी उकरतात, रुळाखाली जॅक लावून हवा तेवढा उचलतात, आणि मग चारजण समोरासमोर उभे राहून खडी स्लीपरखाली ठोकून बसवतात. याला आपल्याकडचे गँगमनही पॅकिंगच म्हणतात. यात एक मेख आहे. खडी घट्ट ठोकायची ती फक्त रुळांच्या खाली. स्लीपरचा मधला भाग सैलच ठेवायचा. मध्ये घट्ट झालं तर स्लीपर तराजूच्या दांडीसारखा मधोमध टेकतो आणि दोन्ही बाजूंना झुलायला लागतो. नवखा माणूस उत्साहाने सगळीकडे सारखं ठोकतो, आणि मुकादम ते पुन्हा उकरायला लावतो. दिवसभरात किती झालं? चांगला दिवस असेल तर काही डझन स्लीपर. एका किलोमीटरला ते हजाराहून जास्त असतात.

त्याहून कंटाळवाणं काम मोऱ्यांचं. मोरी म्हणजे रुळाखालून पाणी पलीकडे जायला ठेवलेली वाट. ती पालापाचोळ्याने तुंबली की पाणी भरावाच्या अंगात शिरतं. आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीत तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अशा मातीवरचा रूळ दोन पावसाळे न बघता सोडला तर तिसऱ्याला तो सरळ राहत नाही.

पाण्याने कधीकधी एका रात्रीत सगळं नेलेलं असतं. वेल्शपूल-लानवायरची गाडी स्वयंसेवकांनी ६ एप्रिल १९६३ ला मोठ्या आनंदात सुरू केली, आणि डिसेंबर १९६४ च्या पुरात बान्वी नदीवरच्या पुलाचा खांब खचला. गाडी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, हाती पैसा नाही. लष्कराच्या इंजिनिअर तुकडीने सरावाचं काम म्हणून तो पूल दुरुस्त करून दिला, बाकीचं लोकांच्या देणग्यांनी भागवलं, आणि १९६५ मध्ये गाडी परत नदीपार गेली. आपल्या माथेरानची गाडी आठवा. जुलै २००५ च्या पावसाने तिची वाट खचली, ती पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, आणि तिच्यामागे तर अख्खी मध्य रेल्वे उभी होती.

## वाफेचं इंजिन म्हणजे मोठा कुकरच

बॉयलर समजायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. कुकरमध्ये पाणी, खाली आच, वाफ कोंडली की दाब वाढतो, जास्त झाला की शिट्टी. इंजिनात फरक एवढाच की आग भांड्याच्या पोटात असते. शेगडीतला जाळ पाण्यात बुडालेल्या नळ्यांमधून पुढे जातो आणि चहूबाजूंनी पाणी तापवतो. कोंडलेली वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, दट्ट्या चाकं फिरवतो.

कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी आटलं, भांडं तापलं, की आतली मऊ धातूची गोळी वितळते आणि वाफ मोकळी होते. इंजिनाच्या शेगडीच्या छतालाही असंच शिशाचं बूच बसवलेलं असतं. छतावरचं पाणी कमी झालं की शिसं वितळतं, वाफ आणि पाणी फवाऱ्यासारखं आगीवर पडतं, आणि शेगडी सांभाळणाऱ्या फायरमनला तत्काळ कळतं. कुकरचा व्हॉल्व्ह उडाला तर आमटी छताला लागते. इथे तशी चूक परवडत नाही, म्हणून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरून फायरमनची नजर हलत नाही.

सकाळी दहाची गाडी असेल तर पहाटे पाच-साडेपाचला शेगडी पेटते. थंड बॉयलर घाईने तापवला तर लोखंड सगळीकडे सारखं फुगत नाही आणि सांधे गळतात. म्हणून आधी लाकडं, मग थोडा-थोडा कोळसा. ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून आतला क्षार धुऊन काढायचा. बादलीत बुडवलेल्या हीटरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तोच हा. दर्यापूर-मूर्तिजापूरचा टापू तर पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातला. तिथलं विहिरीचं पाणी माणसाला प्यायला जड, बॉयलरला तर विषच. आणि साधारण दर दहा वर्षांनी अख्खं इंजिन सुटं करून, नळ्या बदलून, तपासनिसासमोर दाबाची परीक्षा देऊन पुन्हा जोडावं लागतं.

वेल्शपूल-लानवायरची १९०२ सालची दोन्ही मूळ इंजिनं सुदैवाने वाचली होती, मँचेस्टरच्या कारखान्यातली. शकुंतलेचं १९२१ चं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, ते १९९४ पर्यंत धावलं. वेल्समध्ये मूळ डबा मात्र एकही उरला नव्हता, आणि ब्रिटनमध्ये अडीच फुटी डबे मिळायची ठिकाणंही मोजकीच होती. मग त्यांनी जग पालथं घातलं. १९६८ मध्ये ऑस्ट्रियातल्या डोंगरी रेल्वेकडून डबे आले. तिथलं गेज ७६० मिलिमीटर, दोन मिलिमीटरचा फरक चाकं सोसून घेतात. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची रेल्वे मोडीत निघाली तेव्हा १९७५ मध्ये तिथून एक इंजिन आणि चार डबे वेल्सला पोचले. भंगारात गेलेल्या मूळ डब्यांच्या हुबेहूब प्रती जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधल्या, त्याला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

## हौशी माणसांच्या हाती लोकांचा जीव कसा द्यायचा?

ही शंका मनात यायलाच हवी. उत्तर असं की काम विनावेतन असलं तरी नियमांना सूट नाही. सरकारी तपासनीस येतो, पूल बघतो, बॉयलरचे दाखले बघतो, गाडी थांबवू शकतो. इंजिनावर चढायची वाट ठरलेली असते. आधी काही वर्षं क्लीनर, म्हणजे राख काढणं आणि तेलाच्या चिंध्यांनी चाकं पुसणं. मग फायरमन, मग ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला नियमांची परीक्षा, डोळ्यांची आणि तब्येतीची तपासणी. कचेरीत कुणी कितीही मोठा साहेब असला तरी शेडमध्ये त्याची सुरुवात राखेच्या घमेल्यापासूनच होते.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठीची व्यवस्था तर इतकी साधी आहे की लहान मुलालाही पटते. प्रत्येक टप्प्यासाठी टोकन असतं, आणि एका वेळी ते एकाच ड्रायव्हरच्या हाती जाऊ शकतं. ज्याच्या हातात टोकन त्याचीच गाडी त्या टप्प्यात जाणार. समोर रस्ता लख्ख मोकळा दिसत असला तरी टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आपल्याकडेही एकेरी मार्गांवर लोखंडी गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरकडे देत. चालत्या गाडीतून हात बाहेर काढून ते कडं दंडात झेलणारा माणूस ज्याने पाहिलाय तो विसरत नाही.

## पैसा येतो कुठून?

तिकिटांतून थोडा. सभासदांची वर्गणी, देणग्या, स्टेशनवरचा चहा-केक, पुस्तकांचं दुकान, वारसा जपण्यासाठीचे सरकारी आणि लॉटरीचे निधी, आणि मृत्युपत्रात कुणी ठेवून गेलेली रक्कम. सगळ्यात मोठी देणगी हिशेबात दिसतच नाही, ती म्हणजे लोकांचे रविवार. तरीही सगळं फुकटात होत नाही. बॉयलरचं काम करणारे, व्यवस्थापक, हिशेबनीस असे थोडे पगारी लोक बहुतेक ठिकाणी लागतातच.

अडचणीही खऱ्या आहेत. जुने हात थकतायत, तरुण मिळवावे लागतायत. वेल्समधली कोळशाची मोठी खाण २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे कोळशाच्याच मुलखातल्या गाड्यांना कोळसा परदेशातून आणावा लागतो.

## पण अशा गाडीचा रोजच्या माणसाला काय उपयोग?

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो टाळून चालणार नाही. स्वयंसेवकांची गाडी बहुतेक करून हंगामी असते. ताशी चाळीसच्या आत चालते, सगळ्या दिवशी धावतेच असं नाही. सकाळी नऊच्या ड्युटीला तिने जाता येत नाही. ती वारसा जपते, पर्यटक आणते, गावातल्या खानावळी आणि लॉज चालवते. बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्याची सोय तिने होत नाही.

शकुंतलेच्या बाबतीत आपण इथेच घोटाळा करतो. आपल्या तोंडी दोन मागण्या एकाच नावाने येतात. एक मागणी आहे 'आम्हाला गाडी हवी': अंजनगावच्या पोराला अकोल्याला स्वस्तात जाता आलं पाहिजे. तिला उत्तर ब्रॉडगेज आहे, आणि ते सरकारचंच काम आहे. स्वयंसेवकांच्या गळ्यात ते घालणं म्हणजे जबाबदारी झटकणं होईल. दुसरी मागणी आहे 'आम्हाला शकुंतला हवी': ते छोटे डबे, ते फाटक, ती चाल. वेल्सचं उदाहरण लागू पडतं ते फक्त या दुसऱ्या मागणीला.

## मग शकुंतलेचं काय करता येईल?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याने कापसासाठी ही लाइन उभारली. मूर्तिजापूरहून एक हात यवतमाळकडे ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरकडे ७६ किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वे चालवत राहिली. टॅलिलिनसारखीच ही राष्ट्रीयीकरणातून सुटली. पण तिथे मालकाच्या पश्चात लाइन थेट स्वयंसेवकांच्या हाती आली, इथे मालकी एकाची आणि गाडी दुसऱ्याची. पांदणीच्या दाखल्यावर दोन नावं असली की दगड उचलायलाही सही लागते.

शिवाय आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात प्रवासी गाडी सुरू करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते, आणि ते योग्यच आहे. गावकऱ्यांच्या मंडळाने छोटी लाइन चालवायची झाली तर ब्रिटनच्या १८९६ च्या कायद्यासारखी वेगळी, साधी चौकट आपल्याला हवी. ती नाही, म्हणून इथे उत्साह कितीही असला तरी तो रुळावर उतरत नाही. माझ्या मते आंदोलनांच्या निवेदनात या चौकटीची मागणी सगळ्यात वर असायला हवी.

श्रमदान आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गाडगेबाबांचं शेंडगाव याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ पासून गावंच्या गावं भर उन्हात चर खणायला उतरली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. हात आहेत. पण चर एकदा खणला की काही वर्षं पुरतो, रुळाला दर आठवड्याला हात लागतात, आणि त्याची तयारी मंडळाने आधीच करायला हवी.

सगळे १८९ किलोमीटर वाचवायचा हट्टही सोडून द्यावा लागेल. वेल्शपूलवाल्यांनासुद्धा शहरातून, घरांच्या परसदारांतून जाणारा आपला सुंदर तुकडा १९६३ मध्ये गमवावा लागला. मग त्यांनी लानवायरच्या बाजूने सुरुवात केली, थोडं-थोडं पुढे सरकले, आणि वेल्शपूलच्या वेशीवर गाडी पुन्हा पोचली १९८१ मध्ये. म्हणजे १८ वर्षांनी. वेशीवरच्या त्या नव्या ठिकाणाला स्टेशनची इमारत नव्हती. परगण्यापलीकडच्या अर्डिस्ली गावची बंद पडलेली जुनी स्टेशन-इमारत त्यांनी सुटी करून आणली आणि तिथे पुन्हा उभी केली.

शकुंतलेसाठी मला दहा-बारा किलोमीटरचा एकच टप्पा पुरेसा वाटतो, एका टोकाला मोठी गाडी मिळेल असा. ब्रॉडगेजची आखणी जिथे जुनी वाट सोडून जाईल तिथे जुनी वाट तशीच ठेवता येईल. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, जुनी इंजिनं तिथे बघता येतात. आणि नॅरोगेजवर नोकरी केलेले गँगमन, ड्रायव्हर, गार्ड आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. फाटक लावून धावत गाडीत चढणारे. पॅकिंगची मेख, कुठल्या मोरीत दर श्रावणात पाणी तुंबतं, कुठल्या वळणावर रूळ सरकतो, हे कुठल्याच फायलीत नाही, त्यांच्या डोक्यात आहे. कुणी दर्यापूर-अंजनगावचं हे वाचत असेल आणि घरात असे आजोबा असतील, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मूर्तिजापूरपासून एकेक मोरी मोजायला सांगा.